एकच सॉकेट

शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात मामांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आत शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरतं ते लाकडी स्टूल. चारही पायांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, बसायची फळी वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेली. त्या स्टुलावर बसून मामा चालू सेटमध्ये हात घालतात तेव्हा काम फक्त उजवा हात करतो, डावा खिशात असतो. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस ऐटीत बसलाय. ती ऐट नसते. एका हाताला फेज लागली आणि दुसरा हात चासीवर असला, तर करंट छातीतूनच जातो. खिशातला हात ती वाट आधीच मोडून ठेवतो.

मामा हे शिकले पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, एका उस्तादाच्या हाताखाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढं सिंहगडावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि घोडनदीच्या काठच्या घरांवरचे अँटेने, बूस्टर लावून, सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. त्या पिढीतल्या कित्येक सेटची चासी थेट लाइनवर असायची, मधे ट्रान्सफॉर्मर नाही. दोन पिनांचा प्लग उलटा खोचला की अख्खी चासी फेज. अशा सेटवर हात चालवून मामा कारागीर झाले.

या धंद्यात एक बोलणं फार जुनं आहे: शॉक खाल्ल्याशिवाय कारागीर होत नाही. हे बोलणं मला अजिबात मान्य नाही. ज्यांनी शॉक खाल्ला आणि वाचले, तेच हे सांगायला उरले. जे वाचले नाहीत त्यांचं दुकान दुसऱ्या कुणी तरी चालवायला घेतलं. मामांनाही ते बोलणं आवडायचं नाही. पण त्यांच्याकडं त्याला उत्तर म्हणून होतं काय, तर स्टूल, पायातली रबरी चप्पल, खिशातला हात आणि भिंतीवरचा सिरीज बोर्ड. सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब. शॉर्ट असलेला सेट जोडला की बल्ब भकाभका पेटतो आणि सेट जळायचा वाचतो. त्यानं सेट वाचतो, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. माणसाला त्या बल्बाचा काही आडोसा नाही. शरीरातून जायला करंट लागतो तो इतका थोडा, की बल्ब लाल तारेइतकाही पेटणार नाही.

मामांची बहीण दौंड तालुक्यात दिलेली. तिचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड करून दुकानात आला, तो येताना एक जुना सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेऊन आला. शाळेत पहिला आलेला पोरगा ज्या हौसेनं ढाल मिरवतो तसा त्यानं तो बेंचवर मांडला. आता दुकानात येणारा मालही पालटला होता. पिक्चर ट्यूबवाले सेट संपले. एलईडी टीव्ही, इन्व्हर्टर, शेतातल्या पंपाचे मोबाइल स्टार्टर आणि सगळ्यात जास्त इंडक्शनच्या शेगड्या. इंडक्शनची शेगडी म्हणजे जुन्या चासीचाच नवा अवतार. आत मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची लाइन सरळ डायोडच्या ब्रिजमध्ये जाते आणि बोर्डावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी उभा राहतो. त्या बोर्डाचं जे ग्राउंड, ते जमिनीचं ग्राउंड नव्हे. कारागीर त्याला हॉट ग्राउंड म्हणतात.

भाच्याला हे पुस्तकात ठाऊक होतं, हाताला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं शेगडीचा बोर्ड चालू करून सीआरओच्या प्रोबची मगरक्लिप हॉट ग्राउंडला लावली. फाट्‌दिशी आवाज झाला, निळा जाळ उडाला, ईएलसीबी पडला, एमसीबी पडला, ब्रिजचे दोन तुकडे झाले. सीआरओची क्लिप आतून त्याच्या तिसऱ्या पिनेला, म्हणजे अर्थिंगला जोडलेली असते. पोरानं नकळत लाइन आणि जमीन यांची गाठ मारली होती.

दुसऱ्या दिवशी भाचा पक्कड घेऊन सीआरओच्या प्लगकडं वळला. कुणीतरी सांगितलं होतं, तिसरी पिन छाटली की भानगड मिटते. मामांनी मनगट धरलं.

“पिन छाटलीस तर जाळ होणार न्हाई, खरंय. पण क्लिप लाइनला लागल्यावर सीआरओच्या पत्र्यावर काय येईल?”

भाचा थांबला. “लाइन.”

“आन्‌ तू त्याची बटणं फिरवत बसणार.”

मग करायचं काय, हे मामांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरमधून शेगडीला लाइन द्यावी का, असं त्यांच्या मनात आलं. पण खात्री वाटेना. “दौंडला तात्यांना विचारू,” ते म्हणाले. पस्तीस वर्षं धंदा केलेल्या माणसानं भाच्यासमोर ‘मला ठाऊक नाही’ म्हणणं सोपं नसतं. या गोष्टीत मामांचं एक चुकलं, ते पुढं येईलच. पण त्या दिवशी ते चुकले नाहीत.

दोघं मोटारसायकलवर निघाले. न्हावरे, मग भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या. दौंडला स्टेशनापासून जवळच तात्यांचं वायंडिंगचं दुकान. उसाच्या पट्ट्यात मोटारी कायम जळत असतात, त्यामुळं दारात पाणबुडी पंपांची रांग, आत वॉर्निशचा वास. तात्यांची नोकरी रेल्वेत झालेली, विजेच्या ओव्हरहेड तारांच्या गँगमध्ये, कर्जत-लोणावळ्याच्या घाटात. निवृत्त झाल्यावर घरी, दौंडला आले आणि वायंडिंगला बसले.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्टॅबिलायझरचा विषय निकालात काढला. “त्यात वायंडिंग एकच असतं. त्याच तारेला मधे मधे टॅप काढलेले. डिमरस्टॅटचंबी तेच. व्होल्टेज कमी-जास्त करील, पन लाइनची तार हिकडनं तिकडं अखंड. तुम्हाला पाहिजे आयसोलेशन. दोन वायंडिंगं, एकमेकाला न शिवणारी.”

भाच्यानं मान हलवली. हे त्यानं परीक्षेत लिहिलं होतं. १८३१ साली मायकेल फॅरेडेनं लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या तारा गुंडाळून दाखवल्या, त्यांत एकीतला करंट चालू-बंद केला की दुसरीला जोडलेली सुई हलत होती. मधे होतं ते फक्त लोखंड आणि त्यातलं चुंबकत्व. ट्रान्सफॉर्मरची जात तिथून सुरू होते. बहुतेक जण त्याच्याकडं व्होल्टेज बदलण्यासाठी जातात. इथं व्होल्टेज बदलायचंच नव्हतं. २३० आत, २३० बाहेर. पाहिजे होती फक्त मधली तुटलेली जागा.

“आठ दिवसांनी या,” तात्या म्हणाले.

आठ दिवसांनी गेले तेव्हा तात्या शेवटचा हात फिरवत होते. ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर, पाच बाय पाच सेंटिमीटरचा कोअर. व्होल्टला एक पूर्णांक आठ वेढे या हिशोबानं प्रायमरीला ४१४ वेढे, आणि लोडवर व्होल्टेज उतरतं ते भरून काढायला सेकंडरीला थोडे जास्त, ४३०. तार एकोणीस गेजची. पण तात्यांनी अभिमानानं दाखवला तो आकडा नव्हे, बॉबिन. नेहमी एका वायंडिंगवर लेदरॉइडचा कागद घालून त्यावरच दुसरं गुंडाळतात. तात्यांनी बॉबिनच्या मधोमध उभी भिंत घातली होती. एका कप्प्यात प्रायमरी, दुसऱ्यात सेकंडरी. “येकावर येक गुंडाळलं तर आतल्या आत कपॅसिटर तयार हुतो, थोडा करंट त्याच्यातनं झिरपतो. शेजारी शेजारी ठेवलं की झिरप कमी. आन्‌ कधी जळालाच, तर प्रायमरीची तार सेकंडरीवर वितळून बसायची भीती कमी.” मग इन्सुलेशन तपासायचा पाचशे व्होल्टचा मेगर दोन्ही वायंडिंगांमध्ये लावून त्यांनी हँडल फिरवलं. काटा अनंताच्या खुणेवर जाऊन बसला.

पत्र्याचा डबा, त्याला आणि कोअरला अर्थिंग. दोन्ही बाजूंना फ्यूज. बाहेरच्या बाजूला सॉकेट, आणि त्या सॉकेटची अर्थची पिन मुद्दाम मोकळी सोडलेली.

तात्यांनी होल्डरचा बल्ब घेतला. एक टोक सेकंडरीच्या एका तारेला, दुसरं अर्थिंगला. बल्ब लागला नाही. दुसऱ्या तारेला लावून पाहिलं, तरी नाही. टेस्टर धरला तर आतली निऑनची वात जेमतेम मिणमिणली. भाच्याचे डोळे विस्फारले. घराघरांत ज्या लाइनला माणूस घाबरतो, ती लाइन इथं कुणाचीच नव्हती. महावितरणच्या रोहित्रावर न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो, म्हणून आपण जमिनीवर उभं राहून फेजला शिवलो की वर्तुळ पुरं होतं. या डब्यातून निघालेल्या तारेला जमिनीशी काही देणंघेणं नाही. जमिनीतून परत जायची वाटच नाही.

मग तात्यांनी बल्बची दोन टोकं सेकंडरीच्या दोन तारांना लावली. बल्ब लख्ख पेटला.

“हा डबा तुला येका तारेपास्नं वाचवील. दोन तारांपास्नं न्हाई. आन्‌ हितनं पुढं टेस्टरवर इसंबायचं न्हाई, त्यो खोटं बोलंल. मीटर घ्यायचा.”

भाच्यानं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्याच्या कानावरून गेलं. त्याचं लक्ष सॉकेटकडं होतं. “तात्या, एकच सॉकेट? अजून एक बसवा की. जागा आहे डब्यावर.”

“एकच.”

“पाचशे व्हीए आहे, दोन वस्तू सहज चालतील.”

“चालायला चालत्याल. येका दाव्याला दोन बैल बांधत्यात का? येका टायमाला येकच रोगी.” तात्यांनी डब्याचं झाकण आवळलं आणि विषय संपवला. का, ते सांगितलं नाही. मला वाटतं, सांगायला हवं होतं. नियम सांगून कारण गाळलं, की ऐकणारा तो नियम म्हाताऱ्याचा हट्ट समजतो. जाणत्या कारागिरांची ही खोड फार जुनी आहे आणि तिनं पुष्कळ पोरांचं नुकसान केलं आहे.

पुढचे तीन महिने दुकानाची भरभराट झाली. शेगडी डब्यावर, सीआरओ त्याच्या तीन पिनांसकट सरळ लाइनवर. क्लिप हॉट ग्राउंडला लागली तरी जाळ नाही, आवाज नाही. पडद्यावर आयजीबीटीच्या गेटचे चौकोनी पल्स स्वच्छ दिसायचे. पूर्वी चार पार्ट बदलून अंदाजानं निघणारा बिघाड आता दहा मिनिटांत सापडू लागला. रांजणगावच्या एमआयडीसीतली पोरंही आपल्या शेगड्या इथंच आणू लागली.

आणि हळूहळू एकेक गोष्ट दुकानातून नाहीशी होत गेली. आधी स्टूल गेलं. भाच्यानं चाकांची लोखंडी खुर्ची आणली. मग चप्पल दाराबाहेर राहू लागली. मग डावा हात खिशातून बाहेर आला. शेवटी एका दिवशी डब्याच्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये चार खाचांचा एक्स्टेन्शन बोर्ड लागला.

मामा हे सगळं काउंटरवरून बघत होते. त्यांना ते बरं वाटत नव्हतं. पण त्यांना वाटलं, पोराच्या हातात शास्त्र आहे, आपल्या हातात नुसती सवय. कुठल्या तोंडानं बोलायचं? ते बोलले नाहीत.

गणपतीच्या आधीचा आठवडा. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून पाऊस लागलेला, फरशी ओलीगार, दारातून येणारा प्रत्येक जण चिखल घेऊन येत होता. बेंचच्या एका टोकाला शेगडी उघडी, सीआरओची क्लिप तिच्या हॉट ग्राउंडला लावलेली. दुसऱ्या टोकाला एका मंडळाचा एलईडी टीव्ही उघडा. दोन्ही त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर. भाचा अनवाणी. शेगडीचं रीडिंग अर्धवट सोडून तो टीव्हीकडं वळला. सकाळीच त्यानं टीव्हीच्या बोर्डाला टेस्टर लावून पाहिला होता; वात पेटली नव्हती. डाव्या हातानं लोखंडी रॅक धरून तो पुढं वाकला आणि उजव्या हाताची बोटं टीव्हीच्या पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरच्या पायांना लागली.

आवाज झाला नाही. पहिल्या वेळी सगळं दुकान दणाणलं होतं. या वेळी काहीच नाही. ईएलसीबी शांत, एमसीबी शांत, फ्यूज शाबूत. पोरगा नुसता ताठ झाला, तोंड उघडं, आणि त्यातून शब्द निघेना. मामांनी वर पाहिलं ते चेहऱ्याकडं नव्हे. त्यांनी पाहिलं की डावा हात रॅकवर आहे. ते भाच्याकडं धावले नाहीत, दाराकडं धावले. मेन स्विच तिथं होता, दाराशी, हाताच्या उंचीवर, मधे काहीही न ठेवता. तपकीर गल्लीतल्या उस्तादानं शिकवलेली ही एक गोष्ट तेवढी दुकानात शिल्लक राहिली होती. चिकटलेल्या माणसाला उघड्या हातानं ओढायचं नसतं. आधी लाइन तोडायची.

पोरगा खाली बसला. शुद्धीवर होता, थरथरत होता. मामांनी त्याला दवाखान्यात नेलं, ईसीजी काढून घेतला, रात्रभर तिथंच ठेवलं. ते बरोबर केलं. करंट छातीतून गेला असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ या बोलण्यावर घरी जायचं नसतं. सकाळी डॉक्टरांनी सोडलं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग राहिले.

चार दिवस भाच्यानं बेंचला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्यानं डबा कॅरिअरला बांधला आणि एकटाच दौंडला गेला. डबा तात्यांसमोर ठेवून म्हणाला, “हा आतून फुटलाय. दोन्ही वायंडिंगं शिवलीत एकमेकांना.”

तात्यांनी त्याच्या बोटांकडं पाहिलं, काही न बोलता पाणी दिलं. मग मेगर काढला. हँडल फिरवलं. काटा पहिल्या दिवशी होता तिथंच, अनंतावर.

“डबा चांगला हाय,” तात्या म्हणाले.

“मग टीव्हीनं मला कसं धरलं? टीव्हीला मी काहीच जोडलं नव्हतं. क्लिप शेगडीला होती. टीव्ही आयसोलेटेड होता. आणि ईएलसीबी का पडला नाही? दर महिन्याला मी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघतो.”

तात्यांनी वायंडिंगच्या हिशोबाची वही उघडून कोऱ्या पानावर पेन्सिल ठेवली. “मी सांगत न्हाई. तू काढ. तुझ्या हातापास्नं सुरू कर आन्‌ करंटला घरी पोचव.”

भाच्यानं आकृती काढली. ट्रान्सफॉर्मर, एक्स्टेन्शन बोर्ड, इकडं शेगडी, तिकडं टीव्ही, सीआरओ, रॅक, स्वतः. टीव्हीच्या कपॅसिटरच्या प्लसपासून पेन्सिल निघाली, उजव्या हातात शिरली, छातीतून डाव्या हातात आली, रॅकमध्ये उतरली, रॅकमधून आणि ओल्या फरशीतून जमिनीत गेली. तिथं पेन्सिल थांबली. जमिनीतून डब्याकडं परत जायची वाट नव्हती. तीच तर नव्हती म्हणून डबा आणला होता.

“जमिनीला आनखी काय काय शिवतंय?” तात्यांनी विचारलं.

भाचा पानाकडं बघत राहिला. बराच वेळ. मग पेन्सिल जमिनीतून हलली, सीआरओच्या तिसऱ्या पिनेत शिरली, प्रोबच्या पडद्यातून क्लिपेपर्यंत आली, क्लिपेतून शेगडीच्या हॉट ग्राउंडवर, तिथून ब्रिजच्या डायोडमधून एक्स्टेन्शन बोर्डच्या तारेवर, आणि तारेवरून सेकंडरीत. दुसऱ्या टोकानं बाहेर पडून ती टीव्हीच्या ब्रिजमधून त्याच कपॅसिटरच्या प्लसवर येऊन पोचली. वर्तुळ पुरं झालं.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

“भिंत मी बांधली हुती,” तात्या म्हणाले. “क्लिप लावलीस तवा तिला दार पाडलंस. क्लिप लावायची न्हाई, असं न्हाई. त्याच्यासाठीच तर डबा हाय. पन क्लिप लागली की त्या घडीपास्नं ती जागा जमीन झाली, आन्‌ डब्यावर जे जे जोडलंय ते सगळं जमिनीच्या हिशोबात आलं. तुझ्यासमोरची शेगडी आली, ती तुझ्या ध्यानात ऱ्हायली असती. टीव्ही येनार, हे कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? म्हनून येक सॉकेट.”

“आणि टेस्टर?”

“सकाळी लावलास तवा क्लिप हुती?”

“नव्हती.”

ईएलसीबीचं उत्तर भाच्यानं स्वतःच काढलं. तो मोजतो काय, तर फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. पण पोराच्या छातीतून गेलेला करंट सेकंडरीतून निघाला होता आणि सेकंडरीतच परतला होता. भिंतीपलीकडून, प्रायमरीच्या बाजूनं पाहिलं तर गेलेला आणि आलेला करंट सारखाच. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढं स्नायू आवळायला लागतात आणि हात सुटत नाही. ईएलसीबीला मात्र पलीकडं काही घडलंय याची दादही नव्हती. ज्या भिंतीनं लाइन अडवली, त्याच भिंतीनं राखणदाराची नजरही अडवली होती.

“हे तुम्ही त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं, तात्या,” भाचा म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण तक्रार होती.

तात्यांनी वही मिटली. “व्हय,” ते म्हणाले. “पाहिजे हुतं.”

मग ते उठले आणि पोराला घेऊन स्टेशनाकडं निघाले. पुलावरून खाली रुळांचं जाळं दिसतं, एक फाटा मनमाडकडं वळतो, दुसरा सोलापूरकडं. वर २५,००० व्होल्टची तार. त्या दिवशी एका बाजूच्या लाइनवर ब्लॉक घेतलेला होता, गँग काम करत होती. तात्यांनी बोट दाखवलं. एका माणसानं लांब दांडा उचलला, त्याच्या केबलचा क्लॅम्प आधी रुळाला आवळला, मग दांड्याचा आकडा वरच्या तारेला अडकवला. पलीकडं थोड्या अंतरावर दुसऱ्यानंही तसंच केलं. दोन दांड्यांच्या मधे माणसं वर चढली.

“आधी रूळ, मग तार,” तात्या म्हणाले. “काढताना उलटं. आधी तार, मग रूळ. उलटापालट झाली की दांडा धरनारा माणूसच वाट बनला.”

“पण लाइन तर बंद केलीय ना?”

“शेजारची चालू हाय. तिच्यामुळं हिच्यात व्होल्टेज उतरतंय. आन्‌ कुनी चुकून चालू केली तर?”

भाचा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “इथं जमिनीला जोडून माणूस वाचवतात. आपण जमिनीपासून तोडून वाचवतो. मग खरं कुठलं?”

“दोन्ही. वर चढनाऱ्याला इचार, करंट परत कुठनं जानार? त्यो बोट दावंल.” तात्यांनी खालच्या रुळाकडं बोट केलं. “तुला त्या दिवशी इचारलं असतं तर तू बोट कुठं दावलं असतंस?”

भाच्यानं उत्तर दिलं नाही. खाली गँगचा मुकादम ओरडला आणि वरून तिघांनी एकापाठोपाठ ओरडून त्याला जाब दिला. काय म्हणाले ते एवढ्या वर ऐकू आलं नाही. पण तिघांनी जाब दिल्यावरच मुकादम पुढं सरकला, हे दिसलं.

शिरूरला परत आल्यावर भाच्यानं एक्स्टेन्शन बोर्ड काढून माळ्यावर टाकला. लोखंडी खुर्ची काउंटरकडं सरकवली आणि मागच्या खोलीतून स्टूल आणलं. बेंचखाली रबरी मॅट आली. रॅक हाताच्या टप्प्याबाहेर, मागच्या भिंतीला गेला. सिरीज बोर्ड आता डब्यानंतर जोडला. बल्ब शेगडी राखील, डबा आपलं काम करील. कपॅसिटर उतरवायला साठ वॅटच्या बल्बला दोन प्रोब लावून ठेवले, आणि त्यानंतरही मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय बोट घालायचं नाही असं ठरलं. लाइन बंद केली म्हणजे कपॅसिटर मोकळा झाला असं नसतं, हे त्या दुकानात पूर्वीही सगळ्यांना ठाऊक होतं. आता ते रोज केलं जाऊ लागलं.

मामांनी त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढलं आणि काउंटरवरूनच म्हणाले, “हात खिशातनं भाईर आला, तवाच मी बघितलं हुतं. चप्पल भाईर ऱ्हायली, तेबी. मी बोललो न्हाई.”

भाचा स्टुलाच्या पायाची सुटलेली रबरी पट्टी घट्ट करत होता. “का नाही बोललात, मामा?”

“वाटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय.”

“ते कळत होतं,” पोरगा म्हणाला. “पण मला माझा हात दिसत नव्हता. तुम्हाला दिसत होता.”

मामा गप्प राहिले. मग उठून बेंचपाशी आले आणि म्हणाले, “ह्या सीआरओत काय दिसतंय ते मला दाव. मग मला बोलाया येईल.” त्या रात्री उशिरापर्यंत शटरखालून उजेड येत होता.

दिवाळीच्या सुमारास न्हावऱ्याहून एक ताई इंडक्शनची शेगडी घेऊन आल्या. घरात पाहुणे, घाई होती, तर त्या बेंचपाशीच येऊन उभ्या राहिल्या. भाच्यानं शेगडी उघडली, डब्याच्या सॉकेटमध्ये लावली, चप्पल नीट घातली. प्रोब हातात घेतला. क्लिप हॉट ग्राउंडपाशी नेऊन क्षणभर थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, “मामा, क्लिप लावतोय.”

काउंटरवरून मामांनी हातातलं बिल खाली ठेवलं. “ऐकलं. ताई, जरा मागं सरा.”

ताई दोन पावलं मागं झाल्या. त्यांना काही समजलं नाही. त्यांनी पदर सावरला आणि पोराकडं बघत राहिल्या. क्लिप लागली. पडद्यावर चौकोनी पल्स उमटले. उजवा हात बोर्डावर पुढं सरकला आणि डावा खिशात गेला.